वर्गणी गेली, फी आली

बॅडमिंटनच्या एका शटलला १६ पिसं असतात. बदकाच्या नाहीतर हंसासारख्या पाणपक्ष्याच्या पंखांतली, आणि तीही एकाच बाजूच्या पंखांतली. डाव्या-उजव्या पंखांची पिसं एका शटलमध्ये मिसळली तर ते नीट फिरत नाही. सगळं मिळून वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. इतकी निवडून-पारखून केलेली ही वस्तू दोन तगड्या खेळाडूंच्या हातात सापडली की थोड्याच रॅलींत कामातून जाते. पिसांसाठी म्हणून बदकं कुणी पाळत नाही. ती पाळली जातात मांसासाठी, आणि उरलेल्या पिसांतली उत्तम तेवढी शटलच्या कारखान्यात जातात. अलीकडच्या काळात चीनमध्ये लोकांच्या ताटात बदकाऐवजी डुकराचं मांस जास्त येऊ लागलं, तशी पाळणाऱ्यांनी बदकं कमी केली. पिसं दुर्मीळ झाली आणि मोठ्या कंपन्यांनी शटलचे भाव वाढवले. पश्चिम बंगालमध्ये हावड्याजवळच्या उलुबेरियात हाताने शटल बनवणारे कारागीर आहेत, पण त्यांचाही कच्चा माल पिसंच. नाशिक-पुण्याच्या अकादम्यांत ‘फी वेगळी, शटलचे वेगळे’ असा हिशेब आधीपासून होता. कसून सराव करणाऱ्या मुलांच्या घरी आता त्यातला दुसरा आकडा जास्त बोचतो.

क्रिकेटच्या बॅटची कथा यापेक्षा संथ आहे, कारण तिथे झाड वाढावं लागतं. इंग्लिश विलो हे झाड इंग्लंडच्या ओलसर जमिनीत, मुख्यतः एसेक्स आणि आसपासच्या भागात वाढतं आणि तोडायला यायला साधारण पंधरा-वीस वर्षं घेतं. त्याच्या फळ्या तिकडून मेरठ आणि जालंधरला येतात, इथे त्यांना बॅटचा आकार मिळतो आणि पुन्हा जगभर जातात. मागणी वाढली म्हणून झाड लवकर वाढत नाही. पंधरा वर्षांपूर्वी ज्याने रोपं लावली त्याला आयपीएलनंतर क्रिकेट किती पसरेल, याचा अंदाज नव्हता. परिणामी इंग्लिश विलोची बॅट आज सात-आठ हजारांपासून सुरू होते आणि पन्नास हजारांच्या पुढेही जाते. काश्मीर विलो स्वस्त. अनंतनाग जिल्ह्यात संगमच्या परिसरात महामार्गालगत बॅटचे कारखाने ओळीने उभे आहेत, आणि तिथल्या बॅटने २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात ओमानचे खेळाडू खेळलेही. पण आपल्याकडे ‘सीझन’ म्हणजे चामड्याच्या चेंडूवर खेळायचं म्हटलं की बारा वर्षांच्या मुलालाही इंग्लिश विलोच पाहिजे असते, कारण शेजारच्या नेटमधल्याकडे ती आहे.

त्यात मूल वाढतं. बॅटची मापं एक नंबरपासून सहा नंबरपर्यंत, मग हॅरो, मग शॉर्ट हँडल. पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट, गार्ड यांचंही तेच. बूट तर वर्षाला एक जोड. क्रिकेटचे नियम सांभाळणाऱ्या एमसीसीलाही या किमतींची काळजी लागली आहे. मोठ्यांच्या हौशी क्रिकेटमध्ये लाकडाचे तुकडे जोडून केलेल्या बॅटला मोकळीक देण्याचं तिने ठरवलं. मुलांसाठी ती आधीपासूनच चालत होती. बॅडमिंटनच्या जागतिक महासंघानेही कृत्रिम पिसांच्या शटलची चाचणी हाती घेतली आहे. वस्तू महागल्या तर त्यावर असे उपाय निघतात.

मात्र मुलांच्या खेळावर घरातून जाणारा पैसा मुख्यतः वस्तूंवर जातो, हा समज पालकांनी एकदा वही घेऊन तपासावा. बॅट दोन वर्षांतून एकदा येते. दर महिन्याला जातात ते पैसे वेगळे: कोचिंगची फी, टर्फचे किंवा कोर्टचे तासाचे दर, स्पर्धेची एंट्री फी, संघाचा टी-शर्ट, रिक्षा-टॅक्सी, बाहेरगावच्या सामन्याला मुलाबरोबर एका पालकाचं तिकीट, लॉज आणि बुडालेली रजा. यातल्या बहुतेक गोष्टींना पूर्वीही पैसे लागतच होते. मैदान सपाट करायला माणूस लागायचा, शिकवणाऱ्याचं पोट होतंच, संघ बाहेरगावी जायचाच. तो खर्च मुलाच्या घरी बिल होऊन येत नव्हता, एवढाच फरक. कुणीतरी तो उचलत होतं. ते ‘कुणीतरी’ कोण होतं आणि कुठे गेलं, हे पाहिलं की आजची फी समजते.

रमाकांत आचरेकर सरांचं उदाहरण घेऊ. शिवाजी पार्कवर त्यांनी घडवलेल्या खेळाडूंची नावं, स्टंपवर ठेवलेलं रुपयाचं नाणं, स्कूटरवर मागे बसवून मुलाला एका सामन्यावरून दुसऱ्या सामन्यावर नेणं, हे सगळं मराठी वाचकाला पाठ आहे. त्या गोष्टीत एक साधी बाब सहसा कुणी सांगत नाही. सर स्टेट बँकेत नोकरीला होते. घर चालायला बँकेचा पगार होता. म्हणजे मुंबईच्या मैदानावरच्या सर्वांत नावाजलेल्या शिकवणीचा काही भार एक सरकारी बँक नकळत उचलत होती, आणि ज्या मैदानावर ती चालायची ते महापालिकेचं होतं.

हे एकट्या सरांपुरतं नव्हतं. मुंबईत ऑफिस क्रिकेट नावाची एक मोठी व्यवस्था होती. स्टेट बँक, टाटा, एसीसी, निरलॉन, मफतलाल, रेल्वे अशी ठिकाणं खेळाडूंना नोकरी द्यायची, आणि ऑफिसांच्या टाइम्स शील्ड स्पर्धेच्या सामन्यांसाठी त्यांना रजा मिळायची. सुनील गावसकर निरलॉनकडून, अजित वाडेकर स्टेट बँकेकडून खेळले. असा खेळाडू संध्याकाळी पाच वाजता मोकळा व्हायचा, क्लबच्या तंबूत यायचा आणि पोरांना बॉलिंग टाकायचा. त्याला त्याचे पैसे नकोच असायचे. त्याला सराव हवा असायचा. १९४८ साली सुरू झालेली, भर पावसाळ्यात चिखलात खेळली जाणारी कांगा लीग याच जोरावर चालली. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा तिथे रणजी खेळलेल्या बॉलरसमोर उभा राहायचा. आज तेवढ्या दर्जाचा बॉलर नेटमध्ये मिळवायचा तर ‘वन-टू-वन सेशन’ नावाने तासाचे पैसे मोजावे लागतात.

गिरणगावात हेच कबड्डीबाबत. लालबाग-परळच्या चाळींमधल्या क्रीडा मंडळांमागे गिरणी कामगाराचा पगार, मंडळाची वर्गणी आणि गिरण्यांचे स्वतःचे संघ होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत हा आधार निखळत गेला. बँका आणि कंपन्यांमधली खेळाडूंची भरतीही पुढे रोडावली. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. दोन्ही लोकांच्या पैशावर आणि फुकट राबणाऱ्या माणसांवर उभी राहिली. अशा संस्था अजून आहेत, त्यांतल्या काही उत्तम चालतात. मात्र नव्या वस्त्यांमध्ये तशा नव्या निघाल्या नाहीत. हिंजवडी, वाघोली, खारघर, डोंबिवलीच्या पुढची नवी शहरं पाहा. तिथे निघाल्या त्या अकादम्या.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे मात्र जपून गायला हवेत. तिथे खर्च वाटला जायचा, पण सगळ्यांमध्ये नाही. दलित गोलंदाज पळवणकर बाळू पुण्यात युरोपियनांच्या क्लबवर महिना चार रुपयांवर राबत नेट्समध्ये साहेबांना बॉलिंग टाकत होते. पुढे हिंदूंच्या संघातून खेळताना मैदानावर त्यांचा हात चालायचा, चहाच्या वेळी त्यांचा कप वेगळा असायचा. मुलींना तर बहुतेक तालमींच्या आणि क्लबांच्या दारातून आत पाऊलही टाकता येत नव्हतं. आजची अकादमी फी भरणाऱ्या कुणालाही घेते, आणि बारा वर्षांच्या मुलीच्या आईला तिथे विश्वासाने मुलीला सोडता येतं, हा बदल छोटा नाही. अडचण एवढीच, की घरात मुलगा-मुलगी दोघांपैकी एकाचीच फी परवडत असेल तर ती कुणाची भरली जाते, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रेतल्या कुस्त्यांची तऱ्हा यापेक्षा जुनी आणि माझ्या मते जास्त शहाणी. गावात वर्गणी निघते, तीतून इनामं ठरतात. दुपारी फड सुरू होतो तो लहान पोरांच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. जिंकणाऱ्याला रेवड्या, नारळ, हातावर थोडे पैसे. दिवस कलतो तशी इनामं मोठी होत जातात आणि शेवटी नामांकित पैलवानांची जोड लागते. या सगळ्यात खेळणाऱ्याने आयोजकाला काहीही द्यायचं नसतं. आठ वर्षांचं पोरसुद्धा काहीतरी घेऊनच घरी जातं. आता याच्यासमोर शहरातली ‘अंडर-टेन लीग’ ठेवा. पालकांनी हजारो रुपये भरायचे, मुलांचा ‘लिलाव’ होणार, रंगीत जर्सीवर पाठीमागे नाव, यूट्यूबवर सामना, आणि शेवटी प्रत्येकाला एक प्लास्टिकचा चषक. जत्रेत प्रेक्षक खेळाडूला पैसे देतात; लीगमध्ये खेळाडूच प्रेक्षकांना, म्हणजे स्वतःच्या आईवडिलांना, तिकीट काढायला लावतो.

कुस्तीचा स्वतःचा खर्च कमी होता असं नाही. खुराक हा शब्द कोल्हापुरात गंभीरपणे उच्चारतात. दूध, तूप, बदाम, थंडाई यांचा महिन्याचा आकडा मध्यमवर्गीय घराच्या किराण्याला मागे टाकतो. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत मुलगा ठेवायचा म्हणजे शेतकऱ्याच्या घरातलं एक दुभतं जनावर त्याच्या नावावर, असाच हिशेब. राजर्षी शाहूंच्या काळात हा भार दरबाराने उचलला. १९१२ चं खासबाग मैदान त्याची साक्ष आहे. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. १९५२ च्या हेलसिंकीच्या वेळी गावकऱ्यांनी पैसे गोळा केले आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक असं वर्गणीतून आलं. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. ज्याला असा प्राचार्य भेटला नाही त्याचं नाव आपल्याला ठाऊकच नसतं, हा तिचा दुसरा भाग.

मग माती गेली. खेळ महाग होण्यामागचं हे कारण सर्वांत कमी चर्चिलं जातं, आणि त्यात कुणा दुकानदाराचा दोष नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा पृष्ठभाग बदलला की खालपर्यंत सगळ्यांना बदलावं लागतं. हॉकीने हा धडा सर्वांत आधी दिला. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर हॉकी खेळली गेली आणि भारत सातवा आला. गवतावरची आमची कला त्या वेगवान पृष्ठभागावर कमी पडली हे खरंच, पण मोठं नुकसान त्याखाली झालं. कोट्यवधींचं टर्फ, त्यावर रोज मारायचं पाणी, आठ-दहा वर्षांनी ते उखडून नवं बसवणं. कुठली नगरपालिकेची शाळा हे करणार? ज्या शाळांत गवतावर हॉकी चालायची तिथून पुढे टर्फपर्यंतची शिडीच निघून गेली.

कबड्डी आता त्याच वाटेवर आहे. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यात तिचे नियम ठरले तेव्हापासून तिची शान हीच होती, की आखायला चुना आणि खेळायला सात-सात जणं एवढंच पुरे. लाल माती चाळायची, पाणी मारायचं, दगड वेचायचे. हे काम खेळणारी पोरंच करायची. २०१४ ला प्रो कबड्डी आली आणि मॅटवरची कबड्डी घराघरांत दिसली. खेळाडूला पहिल्यांदाच खेळावर पोट भरता येऊ लागलं, त्याबद्दल तक्रार करायचं कारण नाही. परंतु १३ बाय १० मीटरच्या अंगणाला मॅट अंथरायचं तर लाखांत पैसे जातात, ते ठेवायला बंदिस्त जागा लागते आणि प्रत्येक पोराच्या पायात बूट लागतो. मातीवर अनवाणी सराव केलेला मुलगा निवड चाचणीला मॅटवर उतरतो तेव्हा त्याचे पाय वेगळ्याच गतीने थांबतात. खो-खोचंही तसंच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. सामने मॅटवर झाले. कुस्तीने निदान तडजोड शोधली: महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवले आणि दोन्हींच्या विजेत्यांमध्ये अंतिम कुस्ती लावली. मातीवरच्या पोराला तिथपर्यंत येण्याची वाट उघडी राहिली.

गंमत अशी की कबड्डीत पैसा नाही असं कुणी म्हणू शकत नाही. डिसेंबर-जानेवारीत कुठल्याही तालुक्याला जा. ‘आमदार चषक’, ‘नगरसेवक चषक’, हॅलोजनचे खांब, बांबूच्या गॅलऱ्या, विजेत्याला लाखाचा चेक, मोटरसायकल. चषकाला पैसे मिळतात कारण चषकाचा फ्लेक्स लागतो. सरावाचा फ्लेक्स लागत नाही. त्यातल्या एका वर्षाच्या बक्षिसाच्या रकमेत गावात कायमचं मॅट येईल, हे आयोजकांनाही कळतं.

जागेचं गणित याहून कठोर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावं असं २००९ पासून लिहिलेलं आहे. शहरातल्या कितीतरी शाळा इमारतीखालच्या पार्किंगमध्ये पीटीचा तास घेतात. विकास आराखड्यात ‘खेळाचं मैदान’ म्हणून हिरवा रंग दिलेले तुकडे असतात. त्यांतले किती प्रत्यक्षात ताब्यात येतात आणि किती अतिक्रमणाखाली जातात, ते आपापल्या वॉर्डाचा नकाशा मागवून पाहावं. मुंबईत माणशी मोकळी जागा दोन चौरस मीटरही भरत नाही. एवढ्या दुर्मीळ वस्तूचा भाव निघणारच. तो निघाला टर्फच्या रूपात. बंद पडलेला पेट्रोल पंप, लग्नाचं लॉन, मॉलची गच्ची, बिल्डरचा रिकामा प्लॉट, काहीही असो: जाळी लावा, कृत्रिम गवत अंथरा, दिवे टांगा आणि तासाने भाड्याने द्या. संध्याकाळचा तास हजाराच्या पुढे, शनिवार-रविवारी त्याहून जास्त. दहा-बारा जण काँट्री काढतात. ज्याच्याकडे ऐंशी-शंभर रुपये नाहीत तो त्या दिवशी ‘काम आहे’ म्हणतो.

टर्फमालकाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याने जागेचं भाडं आणि दिव्यांचं बिल भरलेलं असतं. फरक खेळातच पडतो. मोकळ्या मैदानावर चौदा वर्षांचा आणि नऊ वर्षांचा एकत्र खेळायचे, ‘लिंबूटिंबू’ म्हणून धाकट्याला घ्यायचे, वेळ संपायचा तो अंधार पडल्यावर. तासाचे पैसे मोजलेल्या खेळात लिंबूटिंबूला जागा उरत नाही. प्रत्येक मिनिटाची किंमत असल्यावर नीट न खेळणारा मुलगा सगळ्यांना अडचण वाटतो.

पालक एवढं का भरतात? हौस हे एक उत्तर. दुसरं उत्तर सरकारी कागदांत आहे. दहावी-बारावीला क्रीडा प्रावीण्याचे जास्तीत जास्त २५ वाढीव गुण मिळतात, आणि राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. दोन्ही योजना चांगल्या हेतूच्या. त्यांनी प्रमाणपत्राला बाजारभाव मिळवून दिला, आणि बाजारभाव आला तिथे दुकानंही आली. मान्यता नसलेल्या संघटना ‘राष्ट्रीय’, ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धा भरवतात, पालकांकडून प्रवास-निवासाचे पैसे घेतात आणि पदकं वाटतात. ट्रॅम्पोलिनची बोगस प्रमाणपत्रं दाखवून सरकारी नोकऱ्या मिळवल्याचं प्रकरण राज्यात गाजलंच होतं. स्पर्धा कुठल्या संघटनेची आहे आणि तिला क्रीडा खात्याची मान्यता आहे का, हा प्रश्न एंट्री फी भरण्याआधी विचारला तर बरेच पैसे वाचतात.

करांचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून क्रीडासाहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बॅट-शटल घेणाऱ्याला तेवढा दिलासा. खासगी अकादमीची फी मात्र १८ टक्क्यांत बसते. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या प्रशिक्षणाला सूट आहे आणि वर्षाला वीस लाखांच्या आतली उलाढाल असलेली छोटी अकादमी नोंदणीतच येत नाही. जिथे घराचा जास्त पैसा जातो तिथेच कर जास्त, अशी ही रचना.

हा रस्ता पुढे कुठे जातो ते अमेरिकेत दिसतं. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टोट्झ नावाच्या गृहस्थाने आपल्या भाच्यांसाठी मुलांचं बेसबॉल सुरू केलं, तेच पुढे लिटल लीग म्हणून जगभर पसरलं. पहिल्या वर्षी तीन संघ, तिघांना गावातल्या व्यवसायांनी आधार दिला: एक दूध डेअरी, एक लाकडाची वखार, एक प्रेट्झेल बनवणारा. आपल्या मंडळाच्या वर्गणीसारखंच. पुढे दशकानुदशकं नगरपालिकेचं मैदान आणि स्वयंसेवक पालक यांवर हे चाललं. २००८ च्या मंदीनंतर नगरपालिकांनी मनोरंजनाच्या खर्चाला कात्री लावली आणि मोकळी झालेली जागा खासगी ‘ट्रॅव्हल टीम’नी भरली. दर आठवड्याच्या शेवटी मोटारीने दुसऱ्या राज्यात सामना, आणि काही स्पर्धांत तर आयोजकाने ठरवलेल्याच हॉटेलात राहायची सक्ती. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांना शनिवारचा हा प्रवास ओळखीचा असेल. अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये तिथल्या सरासरी कुटुंबाने एका मुलाच्या मुख्य खेळावर १,०१६ डॉलर, म्हणजे नव्वद हजार रुपयांच्या आसपास, खर्च केले. २०१९ च्या तुलनेत ४६ टक्के जास्त. मोठे गुंतवणूकदार आले ते यामुळेच. फ्लोरिडाची आयएमजी अकादमी २०२३ मध्ये सव्वा अब्ज डॉलरला विकली गेली. पालकांच्या मनात कॉलेजची शिष्यवृत्ती असते, आणि ती हायस्कूलमधल्या शंभर खेळाडूंपैकी साधारण दोघांना मिळते.

नॉर्वेने दुसरी वाट धरली. १९८७ पासून तिथे मुलांच्या खेळाचे नियम आहेत: अकरा वर्षांपर्यंत निकालांच्या याद्या आणि क्रमवारी लावायची नाही, तेरा वर्षांच्या आधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. राष्ट्रीय पातळी नसल्यावर प्रवास नाही, लॉज नाही, ‘स्पेशल सेशन’ला गिऱ्हाईक नाही. सरकारी लॉटरीच्या नफ्याचा मोठा वाटा खेळाकडे जातो आणि गावागावातले क्लब पालकच चालवतात. महागाईची कुरकुर तिथेही सुरू आहे. पण जेमतेम पंचावन्न लाख वस्तीच्या या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं मिळवली, तेव्हा लहानपणी क्रमवारी न लावल्याने त्यांचं काही बिघडलेलं दिसत नाही.

आपल्याकडे सरकारी पैसा नाही, असंही नाही. २०१८ ला सुरू झालेल्या ‘खेलो इंडिया’त निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला पाच लाख रुपये, आठ वर्षांपर्यंत, अशी तरतूद सुरुवातीला केली गेली, त्यातले महिना दहा हजार थेट हातात. महाराष्ट्राच्या क्रीडा प्रबोधिनी १९९६ पासून आहेत. नेमबाज स्वप्निल कुसाळे तिथूनच पुढे आला. मात्र त्याच्या सुरुवातीच्या काळात एका गोळीची किंमत १२० रुपयांच्या घरात होती आणि शिक्षक असलेल्या वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढलं होतं. पॅरिसला २०२४ मध्ये कांस्यपदक मिळताच राज्याने एक कोटीचं बक्षीस जाहीर केलं. मदत निवड झाल्यानंतर येते, बक्षीस पदकानंतर येतं. आठव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंतचा, ज्या काळात मूल खेळात टिकतं किंवा गळतं, तो खर्च पूर्णपणे घराचा.

हे बदलेपर्यंत घराच्या हातात जे आहे ते असं. नवशिक्याला नायलॉनचं शटल चालतं, पिसाचं नंतर. काश्मीर विलोवर चौदा वर्षांपर्यंत कुणाचंही तंत्र बिघडत नाही. पॅड आणि हेल्मेट मोठ्या मुलाकडून धाकट्याकडे, सोसायटीतून सोसायटीत जायला हरकत नाही. हेल्मेटला तडा नाही एवढं पाहावं. आठव्या वर्षी एकच खेळ पकडून बारा महिने तोच करायची घाई नको. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ पंधरा-सोळापर्यंत थांबायला सांगतात, कारण एकाच सांध्यावर सतत ताण येऊन दुखापती वाढतात. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगच्या आधी एक विषय मांडता येईल: शेजारच्या शाळेचं मैदान संध्याकाळी साडेपाचनंतर कुलूपबंद असतं, ते उघडायला वॉचमनचा महिन्याचा किती पगार लागेल, आणि दोनशे घरांत तो वाटला तर प्रत्येकी किती पडतो.